सोरायसिस : हा शिवाशिवीचा रोग नव्हे!

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई नक्की असेल. ऐन वैशाखातही ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालते. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की काहीतरी निमित्त काढते. आलीच तर दाराजवळच्या खुर्चीवर बसते आणि हात पदराखाली ठेवते. बाकीच्या म्हणतात, "भारीच शिष्ट बाई!" पण शिष्टपणा कसला? पदराखाली कोपरांवर लालसर, जाडसर चट्टे असतात आणि त्यांवर अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे पांढरे खवले.

या आजाराचं नाव सोरायसिस. आणि कोण जाणे, ही बाई तुमच्या ओळखीतली नसून हे पान वाचणाऱ्या तुम्ही स्वतःच असाल.

हा आजार काही लाखात एखादीला होणारा नाही. आपल्या देशात झालेल्या पाहण्यांत शंभर प्रौढांमागे अर्ध्यापासून जवळजवळ तीन जणांपर्यंत (०.४४ ते २.८ टक्के) हे प्रमाण आढळलं आहे. म्हणजे शंभर-दीडशे बिऱ्हाडांच्या वसाहतीत एक-दोघांना तरी तो असणारच. तरीसुद्धा घरोघर त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकलं की वाटतं, आजारापेक्षा अज्ञानाचाच त्रास मोठा! कुणी रुग्णाचं ताट वेगळं ठेवतं, कुणी टॉवेल. कुणी "पूर्वजन्मीचं" म्हणून मोकळं होतं. म्हणूनच गेल्या दोनशे वर्षांत डॉक्टरांनी आणि संशोधकांनी या आजाराबद्दल काय शोधून काढलं, हे आपण नीट समजून घेऊ या.

नावाचा घोळ

शेकडो वर्षं सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत होत आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रॉबर्ट विलन या डॉक्टरांनी खवल्यांच्या या रोगाचं पद्धतशीर वर्णन केलं, पण नावात कुष्ठरोगाची छाया राहिलीच. अखेर १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हे दोन रोग अगदी निराळे असल्याचं स्पष्ट केलं. तोपर्यंत कितीजणांना उगाचच गावाबाहेर राहावं लागलं असेल!

आपल्याकडे हा घोळ अजून पुरता मिटलेला नाही. कुणी याला गजकर्ण म्हणतं, कुणी इसब, तर कुणी कानात कुजबुजतं, "महारोगाची सुरुवात दिसते." तेव्हा फरक लक्षात ठेवा. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, तिथं टोचलेलं कळत नाही. तो जंतूंमुळे होतो आणि आजच्या औषधांनी पूर्ण बरा होतो. गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि ते मात्र कपड्यांतून, टॉवेलातून पसरतं. सोरायसिसच्या चट्ट्याला स्पर्श कळतो, बऱ्याचदा खाजही सुटते. पण त्याच्या मुळाशी ना जंतू ना बुरशी. त्यामुळे खवले कितीही झडोत, ते दुसऱ्याच्या अंगावर रुजत नाहीत.

म्हणजेच एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं, एकच साबण वापरल्यानं किंवा नवराबायकोच्या संबंधांतून हा रोग लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईकडून तो स्पर्शानं बाळाला जात नाही. या बाईनं मळलेली कणीक, लाटलेली पोळी खुशाल खावी.

कातडीची घाई

मग चट्टे येतात तरी का? आपली कातडी रोज तळापासून नवी होत असते. खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत पक्व होतात आणि शेवटी आपल्याला न कळत झडून जातात. या प्रवासाला साधारण एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या चार-पाच दिवसांत उरकतो. भाकरी पुरती भाजायच्या आत तव्यावरून उतरवावी आणि एकीवर एक रचत जावी, तशी गत होते. अर्धकच्च्या पेशी सुट्या होऊन झडत नाहीत, थरावर थर साचतो आणि त्याचेच खवले होतात. खालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात म्हणून चट्टा लाल दिसतो. सावळ्या अंगावर तो जांभळट किंवा काळपट दिसतो. खवला नखानं ओढून काढला तर रक्ताचे बारीक ठिपके उमटतात ते यामुळेच.

ही घाई १९६० च्या दशकात नीट मोजली गेली आणि सगळ्यांना वाटलं, दोष कातडीचाच आहे. पण खरी मेख वेगळीच होती. ती औषधांनी दाखवून दिली, आणि तीसुद्धा योगायोगानं!

औषधांनी दाखवलेली वाट

१९५१ साली अमेरिकेत गब्नर नावाच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिलं. त्यांच्या ध्यानात आलं की ज्यांना सोरायसिसही होता त्यांचे चट्टे निवळू लागले. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. अमिनोप्टेरिनचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही सोरायसिसवर दिलं जातं.

दुसरा योगायोग १९७९ सालचा. दुसऱ्याची किडनी बसवल्यावर शरीरानं ती झिडकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध देतात. सोरायसिस असलेल्या काही रुग्णांना ते दिल्यावर त्यांची कातडी झपाट्यानं स्वच्छ झाली. आता हे औषध दबाव आणतं ते रक्तातल्या 'टी' पेशींवर, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्या पहारेकऱ्यांवर. यावरून कळून चुकलं की कातडी नुसती घाई करत नाही, तिला कुणीतरी घाई करायला लावतं!

पुढे आणखी पुरावा मिळाला. रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं रोपण केल्यावर काही रुग्णांचा जुना सोरायसिस नाहीसा झाल्याच्या नोंदी आहेत. उलट, मज्जा देणाऱ्याला सोरायसिस असताना ती घेणाऱ्याच्या अंगावर चट्टे उठल्याच्याही आहेत. म्हणजे मूळ बिघाड रक्तातल्या पहारेकऱ्यांचा. चोर नसताना ते शिट्ट्या फुंकत सुटतात. या शिट्ट्यांची नावंही आता माहीत झाली आहेत : टीएनएफ, इंटरल्यूकिन-१७, इंटरल्यूकिन-२३. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली नवी इंजेक्शनं नेमक्या याच शिट्ट्या बंद करतात.

हा होतो कुणाला?

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग मलाच का?" हा प्रश्न हमखास येतो. सोरायसिसची बीजं पुष्कळ असतात. त्यातलं सर्वांत ठळक बीज पेशींवरच्या एका खुणेचं आहे, त्याला शास्त्रज्ञ एचएलए-सीडब्ल्यू-६ म्हणतात. ते असलेल्यांना आजार बहुधा लवकर, तरुणपणी होतो. पण बीज असलं म्हणजे रोप येतंच असं नाही. हुबेहूब जुळ्या भावंडांची बीजं एकसारखी असतात, तरी एकाला सोरायसिस असून दुसऱ्याला नाही अशा कितीतरी जोड्या आहेत. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांत शक्यता वाढते हे खरं, पण एकट्या आईला किंवा एकट्या वडिलांना असेल तर बहुतेक मुलांना तो होत नाही.

बीजाला पाणी घालणारं काहीतरी लागतं. मुलांत आणि तरुणांत घसा सुजून दोन-तीन आठवडे झाले की अंगभर थेंबांसारखे बारीक चट्टे उठतात. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचं हे निमित्त. मोठ्यांमध्ये मनावरचा ताण, विडी-सिगारेट, दारू, वाढलेलं वजन ही कारणं. काही औषधंही आजार चाळवतात : मनोविकारावरचं लिथियम, रक्तदाबावरच्या काही गोळ्या, हिवतापावरचं क्लोरोक्विन. अशी एखादी गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि आपल्या बायकांच्या रोजच्या कामाशी निगडित असं एक कारण ऐका. १८७० च्या दशकात हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरांनी दाखवलं, की या रुग्णांच्या कातडीला जिथं इजा होते तिथं नवा चट्टा उगवू शकतो. तव्याचा चटका, फुटलेल्या बांगडीचा ओरखडा, कंबरेला करकचून बांधलेली परकराची नाडी, ही सगळी त्यासाठी निमित्तं होतात.

दूध आणि मासे एकत्र खाल्ले म्हणून सोरायसिस झाला, याला मात्र आधार नाही. आंबट, वांगं, दही असं एकेक तोडत रुग्णाच्या ताटात नुसता मऊ भात उरतो, त्यानं आजार जात नाही, बाई मात्र खंगते. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं खरोखर फायदा होतो, तेवढं पथ्य जरूर पाळा.

आजाराची चाल

सोरायसिस कोणत्याही वयात सुरू होतो, पण दोन काळ विशेष : एक विशी-तिशीचा, दुसरा पन्नाशी-साठीचा. आवडीच्या जागा म्हणजे कोपर, गुडघे, कंबर आणि डोकं. डोक्यातला चट्टा कोंडाच वाटतो, पण कोंड्यापेक्षा तो जाड असतो आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर डोकावतो. काहींना काखेत, स्तनांखाली, जांघेत होतो. तिथं घामामुळे खवले नसतात, नुसता लाल, गुळगुळीत, हुळहुळणारा पट्टा असतो. तळहात-तळपायांना झाला तर कातडी जाड होऊन भेगा पडतात. भांडी, धुणं, मिरच्या-लसूण करणाऱ्या हातांचे त्यात किती हाल होतात ते सांगायला नको.

नखंही पाहा. शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे पडतात, नखं पिवळट होतात, टोकाकडून सुटतात.

या आजाराची चाल सरळ नसते. तो चढतो, ओसरतो, महिनोन्‌महिने दडी मारतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. बहुतेकींना थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. घोटाळा होतो तो इथंच! चट्टे ओसरले की त्या वेळी चालू असलेल्या पुडीला किंवा काढ्याला श्रेय मिळतं. परतले की आपण पथ्य मोडलं म्हणून दोष आपल्यालाच. वास्तविक दोन्ही वेळा आजार आपल्या चालीनं चाललेला असतो. कायमची सुटका करणारं औषध आज नाही. पण चट्टे जवळजवळ नाहीसे करून वर्षानुवर्षं ताब्यात ठेवणारी औषधं आहेत. मधुमेह जसा सांभाळतो, तसा हा सांभाळायचा.

दुर्लक्ष करू नये असं आणखी एक कारण म्हणजे सांधे. शंभर रुग्णांतल्या दहा ते तीस जणांना पुढेमागे सोरायसिसचा संधिवात होतो, बहुधा चट्टे सुरू झाल्यावर काही वर्षांनी. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास बोटं वळत नाहीत, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगून अंगठी निघेनाशी होते, जोडवी रुततात, टाच दुखते. "वय झालं" म्हणून हे अंगावर काढू नका. वेळेवर उपचार झाले नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होतात. शिवाय आजार जोरात असलेल्यांमध्ये मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचं प्रमाणही जास्त आढळतं. तेव्हा रक्ताची साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आणि मन? सतत झाकून राहणाऱ्या माणसाला उदासी ग्रासते. तीही आजाराचाच भाग आहे, तीही डॉक्टरांना सांगायची असते.

दिवस गेले असतील तर

गरोदरपणात निम्म्याहून अधिक बायकांचे चट्टे आपोआप कमी होतात. मात्र बाळंतपणानंतर ते पुष्कळदा उसळतात. "बाळाच्या पायगुणानं" असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथं गप्प करा. हा शरीरातल्या बदलांचा परिणाम आहे.

पण एक धोक्याची सूचना ठळक अक्षरांत लिहून ठेवा. मेथोट्रेक्सेट आणि अॅसिट्रेटिन ही औषधं गर्भाला घातक आहेत. अॅसिट्रेटिन बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नसतात, म्हणून मूल हवं असणाऱ्या स्त्रीनं ते टाळावंच. लग्न ठरलं असेल, मूल हवं असेल, तर आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजू नका.

उपचार कोणते?

चट्टे थोडे असतील तर मलमांवर भागतं : स्टेरॉइडची, 'ड' जीवनसत्त्वापासून बनवलेली, डांबराची, खवले मऊ करणारी सॅलिसिलिक आम्लाची. जास्त असतील तर किरणोपचार. यात आपल्या जुन्या बावचीची एक गंमत आहे. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा उपाय आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. सोरालेन हे नाव त्याच वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून आलं. १९७४ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरालेन जातीचं औषध आणि अतिनील किरण यांची सांगड घालून सोरायसिसवर गुण येतो हे दाखवलं. आज बहुधा औषधाविना, नुसत्या ठरावीक अतिनील किरणांनीच काम होतं. म्हणून घरी बावचीचं तेल चोपडून उन्हात बसू नका हं, भाजून फोड येतात!

त्यापुढे मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, अप्रेमिलास्ट यांसारखी पोटातली औषधं आणि सर्वांत शेवटी ती नवी इंजेक्शनं. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचं इटोलिझुमॅब २०१३ साली आपल्या देशात आलं, नंतर इतरही आली. ती महाग आहेत, आणि सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते, कारण पहारेकऱ्यांना गप्प केलं की दडलेला क्षय जागा होऊ शकतो.

दोन गोष्टींत हयगय जिवावर बेतते. पहिली : सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. एक वार ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा आणि घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. दुसरी : स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं. सुरुवातीला जादू झाल्यासारखी वाटते, पण ती थांबवताच सोरायसिस दसपट उसळतो, कधी अंगभर पू भरलेले फोड येतात, कधी सगळं अंग लालभडक होऊन इस्पितळ गाठावं लागतं. "आठ दिवसांत गॅरंटी" म्हणून कुणी बिननावाच्या पुड्या दिल्या आणि खरोखरच आठ दिवसांत गुण आला, तर आनंदू नका, आधी शंका घ्या! स्टेरॉइडचं मलमही डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस. शेजारणीची ट्यूब आणून लावत राहिलात तर कातडी पातळ होते.

घरात काय करता येईल?

आंघोळ कोमट पाण्यानं, सौम्य साबणानं. वज्रीनं किंवा नखानं खवले खरवडू नका. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं व्हॅसलिन लावा, दिवसातून दोनतीनदा लावलं तरी उत्तम. भांडी-धुण्याला रबरी हातमोजे, आत सुती मोजे. परकराची नाडी रुंद घ्या, सैल बांधा, रोज जागा थोडी बदला. डोक्याला बारीक दातांची फणी नको. घसा दुखला की लवकर दाखवा. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ चालेल, कातडी लाल होईपर्यंत नव्हे. आणि घरातली विडी-सिगारेट बंद.

मुलीला सोरायसिस असेल तर लग्न जमवताना लपवावं का? लपवू नये. पहिल्या थंडीतच ते उघडं पडतं, आणि मग चट्ट्यांपेक्षा फसवणुकीचाच बोभाटा होतो. त्यापेक्षा मुलाकडच्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जावं आणि त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावं, की हा रोग लागत नाही आणि संसाराच्या आड येत नाही.

सासूबाई, जाऊबाई, नणंदा यांनाही एवढंच सांगणं आहे. ताट-टॉवेल वेगळं केल्यानं कुणाचंही रक्षण होत नाही, कारण रक्षण करावं असं तिथं काही नसतंच. होतो तो फक्त अपमान, आणि मनावरच्या ताणानं आजार आणखी चाळवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं २०१४ साली ठराव करून सोरायसिसच्या रुग्णांना मिळणाऱ्या या वागणुकीकडे सगळ्या देशांचं लक्ष वेधलं. त्याची अंमलबजावणी मात्र आपापल्या स्वयंपाकघरापासूनच व्हायला हवी.

तुम्हालाच हा आजार असेल तर या आठवड्यात एक काम करा. एका वहीत लिहून काढा : चट्टे कधी सुरू झाले, कोणत्या ऋतूत वाढतात, कोणती औषधं घेतली, सांधे दुखतात का, दिवस राहण्याचा विचार आहे का. ती वही घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग असतो. आणि जाताना बिनबाह्यांचं नसलं, तरी बाह्या सहज वर सारता येतील असं पोलकं घाला. डॉक्टरांना चट्टे नीट दिसले पाहिजेत.